ओला वेत

६ ऑगस्ट, मंगळवार

टब नाही! सकाळी खाटेखाली हात घातला तर नुसती फरशी. कोरडी, पुसलेली. टबातल्या वेताच्या पट्ट्या नाहीत, त्यांच्यावरचं ओलं पोतं नाही. सूनबाईला विचारलं. म्हणाली, "ह्यांनी पहाटेच नेऊन दिलं बाबा, पॉलिशवाल्या काकांच्या दुकानात."

मला न विचारता! माझ्या खोलीतून! मी झोपेत असताना!

कारण काय, तर पोत्याला बुरशी धरली होती. अरे, ओल्या पोत्याला बुरशी नाही धरणार तर काय मोहर धरणार? जन्मभर मी खुर्च्या विणल्या. वेत भिजल्याशिवाय वाकत नाही, आणि ओल्या पोत्यात मुरल्याशिवाय जाळीत ताणून बसत नाही. बुरशी फडक्याने पुसायची आणि कामाला लागायचं. इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही.

चिरंजीव ऑफिसला पळालेले. सूनबाई तोंडाला फडकं बांधून माझी खोली पुसत होती. तोंडाला फडकं! जसा काही मी कपाटामागे मेलेला उंदीर आहे.

मी सातवीपर्यंत शिकलो, पण लिहिता येतं. यापुढे तारीखवार लिहून ठेवणार. लिहिलेलं असलं की उद्या कुणी "असं झालंच नाही" म्हणू शकत नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

खोकला. तपकिरी गुठळी पडली, चिकट, रबरासारखी. कुणाला दाखवली नाही. पण सूनबाईने बेसिनमध्ये पाहिली असणार, कारण लगेच चिरंजिवांचा फोन — "शनिवारी छातीच्या डॉक्टरकडे जायचं." एवढी तत्परता कधीपासून?

१० ऑगस्ट, शनिवार

छातीची डॉक्टरीण तरुण आहे. फोटो उजेडावर धरला, पाठीला नळी लावली, मग विचारलं, "काम काय करता आजोबा?"

चिरंजीव मध्येच — "रिटायर्ड आहेत."

"खुर्च्या विणतो," मी म्हटलं. कोण रिटायर्ड?

"कशा विणता?" असं तिने विचारलं. मला असं कुणी विचारत नाही. हाताने करून दाखवलं. ओल्या पट्ट्या तोंडात धरायच्या, ओठांनी ओल्या ठेवायच्या, लागेल तशी एकेक ओढायची.

तिने पेन खाली ठेवलं. "तोंडात धरता?"

"मग काय पायात धरू?"

चिरंजीव जमिनीकडे बघायला लागले.

मग तिने समजावलं. आठवतं तसं लिहितो. बुरशीचं बी हवेतच असतं, पिठाहून बारीक. सगळेच ते ओढतात. फुप्फुसाच्या टोकाशी गिळणाऱ्या पेशी बसलेल्या असतात, त्या आलेलं बी खाऊन टाकतात. पण बी लबाड! अंगावर एक अंगरखा घालून येतं. तो आहे तोवर पहारेकऱ्यांना ओळख पटत नाही. ओल मिळाली की बी फुगतं, अंगरखा फाटतो आणि आतली साखरेची भिंत उघडी पडते. तेव्हा कळतं — हा आपला नव्हे! मग आरडाओरडा. रक्तातून दुसऱ्या पांढऱ्या पेशी धावत येतात. तोवर बीला धागा फुटला असेल तर तो गिळता येत नाही, फार लांब. मग त्या पेशी स्वतःला फोडून घेतात आणि आपल्याच आतड्यांचं जाळं त्याच्यावर टाकतात. आतड्यांचं हे माझं, तिने काहीतरी दुसरं म्हटलं.

जाळं टाकतात हे मला आवडलं. जाळ्याचं काम मला कळतं.

"मग माझ्या पेशी कमी पडतात का?" मी विचारलं.

"उलट! तुमच्या फार संशयी आहेत. मेलेल्या बीवरसुद्धा तुटून पडतात. बुरशीने केलेलं नुकसान थोडं, ह्यांच्या हाणामारीने झालेलं जास्त. नळ्या सुजतात, चिकटा साठतो. त्यांना जरा शांत करायचंय."

"शांत म्हणजे?"

"प्रतिकार थोडा खाली आणायचा. रोज सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी आणि हा फवारा. आणि वेत बंद."

बाहेर आल्यावर चिरंजीव हसले. "बाबा, तुमच्या पेशी तुमच्यावरच गेल्यात." शहाणा!

संशयी नसत्या तर मी एवढा जगलो असतो का, हे डॉक्टरणीला विचारायचं राहिलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

गोळी सूनबाई देते. डबी तिच्याकडे. मी म्हटलं, माझ्याकडे दे. तर म्हणाली, "राहू दे बाबा, माझ्या लक्षात राहतं." तिच्या लक्षात माझी गोळी का राहावी?

१३ ऑगस्ट, मंगळवार

पॉलिशवाला आला होता. मी विणायचो, तो लाकूड चमकवायचा, एकाच कारखान्यात. आता त्याचं छोटं दुकान आहे आणि तोंड पूर्वीइतकंच मोठं.

"काय वेताळा, आहेस का गेलास?" वेत विणतो म्हणून वेताळ. तरुणपणापासून हाच विनोद.

गोळीचं सांगितलं. तो म्हणाला, "प्रतिकार खाली आणायचा? म्हणजे दारातला कुत्रा बांधून ठेवायचा आणि चोराला म्हणायचं, या, बसा!" मग खोलीभर बघितलं. "खोली मात्र झकास हो तुझी. दोन खिडक्या. उद्या रिकामी झाली तर मला सांग, भाड्याने घेतो."

सूनबाई चहा घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही. माझं लक्ष होतं.

१४ ऑगस्ट, बुधवार

सूनबाई माझी खिडकी मोजत होती. टेपने! मी आलो तर टेप पदराआड. म्हणाली, "काही नाही बाबा, सहज." खिडकी कुणी सहज मोजतं?

पाणी कुठेतरी मुरतंय.

१७ ऑगस्ट, शनिवार

ऐकलं. स्वतःच्या कानांनी ऐकलं.

पाणी प्यायला गेलो होतो, स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आत दोघं.

सूनबाई — "अजून खाली आणायला सांगितलीय प्रतिकारशक्ती. डोस वाढवलाय."

चिरंजीव — "बाबांना कळता कामा नये."

"आणि कळलं तर?"

"कळलं तर घर डोक्यावर घेतील. तू फक्त गोळी वेळच्या वेळी..." पुढे नळ सोडला. मुद्दामच सोडला.

पाणी न पिताच परत आलो. माझाच मुलगा! लहानपणी ह्याला ताप आला की आम्ही दोघं नवराबायको पाळीपाळीने कपाळावर घड्या ठेवायचो. ती असती तर तिला विचारलं असतं, अगं, हा आपलाच ना?

१९ ऑगस्ट, सोमवार

सूनबाई आंघोळीला गेल्यावर तिच्याकडच्या डबीतून एक गोळी काढली, हातरुमालात बांधून औषधवाल्याकडे गेलो. त्याला म्हटलं, खरं सांग, कशाची आहे?

उलटीपालटी केली. "सूज उतरवायची आहे. प्रतिकारशक्ती थोडी दाबते."

"म्हणजे माणूस उघडा पडतो?"

"जास्त घेतली तर कसलाही संसर्ग पटकन होतो, हे खरं. पण काका, डॉक्टरांनी विचार करूनच—"

मला पाहिजे ते मिळालं होतं. मी पायऱ्या उतरलो. मागून ओरडला, "एकदम बंद करू नका हां काका!"

हा का ओरडला? ह्याचा काय संबंध? औषधं चिरंजीव ह्याच्याकडूनच आणतात, हे तेव्हा आठवलं.

२० ऑगस्ट, मंगळवार

गोळी घेतली नाही. जिभेखाली ठेवली, वर पाणी प्यायलो, "बरी आहे हो तब्येत" असंही बोललो. उभा जन्म तोंडात पट्ट्या धरून गप्पा मारल्या, एका गोळीची काय कथा! नंतर बेसिनमध्ये.

सूनबाईला काही कळलं नाही. की कळलं आणि दाखवलं नाही?

२२ ऑगस्ट, गुरुवार

सूनबाई आज पुन्हा मोठी पिशवी घेऊन बाहेर. "बँकेत जाऊन येते." मागच्या आठवड्यातही बँक. बँकेत जाताना तोंडाला फडकं कोण बांधतं?

ती गेल्यावर मी पॉलिशवाल्याकडे गेलो. "माझा वेत दे."

"अरे, सूनबाई मला फाडून खाईल! तिने हात जोडून सांगितलंय, परत देऊ नका म्हणून."

"वेत कुणाचा?"

"तुझा."

"मग?"

एक जुडी घेऊन आलो. पिशवीत खाली वेत, वर पालेभाजी. आता ठेवायचा कुठे? खोलीत रोज झाडलोट होते, झडतीच ती. मग सुचलं — धुण्याच्या जागेत, मशीनच्या मागे. तिथे तशीही ओल असते, ओलं पोतं कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. वाकून मशीनमागे हात घालायची गरज कुणाला पडते?

मनाला बरं वाटलं. वेत घरात आहे म्हणजे मी अजून खाटेवरचं सामान झालेलो नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

एक गोष्ट लक्षात आली. सूनबाईचे गाल वर आलेत. चेहरा गोल गरगरीत. इकडे माझा पट्टा सैल होतोय आणि तिकडे हिचे गाल वर! आणि जेवायला आमच्याबरोबर बसत नाही. "मी नंतर बसते." नंतर काय खाते?

२७ ऑगस्ट, मंगळवार

ती बाहेर गेली की विणतो. जुन्या स्टुलाची बैठक विणायला काढली आहे. पोत्यातून पट्टी ओढली की तो वास येतो, ओल्या लाकडाचा, थोडा आंबूस. पट्टीवर पांढरी लव आली होती. शर्टाच्या बाहीला पुसली. तोंडात धरली. बोटं आपोआप चालतात — खालून, वरून, तिरपी, ताण.

दारात किल्ली वाजली की सगळं मशीनमागे. या वयात चोरी! तीही स्वतःच्याच वस्तूची.

३० ऑगस्ट, शुक्रवार

छातीत शिटी वाजते. जिना चढताना दोनदा थांबलो. गोळी तर मी घेत नाही. मग हे कशामुळे?

एकच उत्तर. चहातून देत असणार.

३१ ऑगस्ट, शनिवार

चहा कुंडीत ओतला. कडू लागला होता. किंवा तोंड कडू असेल. पण धोका कशाला?

३ सप्टेंबर, मंगळवार

सूनबाई दुपारी झोपली होती. ती दुपारी कधी झोपत नाही. हाक मारली तर उठली, भिंतीला हात धरून आली. "काय हवं बाबा?" मी म्हटलं, काही नको. खोकला नाही, सर्दी नाही, काही नाही. नुसतं डोळे ओढलेले. मला वाटलं, नाटक. माझ्या मनात दया आणायची आणि मग खोलीचा विषय काढायचा.

झोप म्हटलं तर धुण्याचं मशीन लावायला गेली. मी श्वास धरून बसलो, मागे तर बघत नाही ना!

९ सप्टेंबर, सोमवार. हॉस्पिटल.

आज बसून लिहिता येतंय. शुक्रवारचं आधी लिहितो.

शुक्रवारी सकाळी श्वास आत जाईना. म्हणजे आत जाई, बाहेर येईना. खिडकीच्या गजाला धरून उभा राहिलो. चिरंजीव गावाबाहेर कामाला. सूनबाई धावत आली. फवारा मारला. मला धरून जिना उतरवला, एकेक पायरी. माझं सगळं ओझं तिच्या खांद्यावर. तिचं अंग कढत होतं. मला वाटलं, घाबरलीय, आता पकडली जाणार म्हणून. देवा! तेव्हाही हेच वाटलं.

रिक्षात तिने माझा हात सोडला नाही. मी मात्र रस्त्याकडे बघत होतो, हॉस्पिटलचाच रस्ता आहे ना.

इथे आल्यावर मला वाफ लावली, सुई दिली. थोडा श्वास उघडला तेवढ्यात छातीची डॉक्टरीण आली. माझ्याकडे बघायच्या आधी सूनबाईकडे बघितलं. आणि चमकली.

"तुम्ही? इथे? तोंडाला काही न लावता?"

म्हणजे ह्या दोघींची ओळख! मिलीभगत! — वाफेच्या मुखवट्याआडून मी हाच विचार करत होतो.

डॉक्टरणीने तिच्या कपाळाला हात लावला. "ताप कधीपासून?"

"चार-पाच दिवस. थोडासाच."

"थोडासाच? तुमच्या औषधांवर थोडासा ताप नसतो हो! त्याच दिवशी यायचं सांगितलं होतं ना?"

"बाबांना एकटं ठेवून कुठे येऊ?"

डॉक्टरणीने नर्सला हाक मारली. सूनबाईला चाकाच्या खुर्चीत बसवून घेऊन गेले. ती "नको, मी चालते" म्हणत होती.

१० सप्टेंबर, मंगळवार

चिरंजीव काल माझ्या खाटेशी बसले होते. दाढी वाढलेली. त्यांनी सांगितलं ते असं.

गेल्या हिवाळ्यापासून तिच्या अंगातल्या पेशी तिच्याच मूत्रपिंडांवर उठल्या आहेत. आपलं काय आणि परकं काय, हेच त्या विसरल्या. म्हणून त्यांना दाबून ठेवायची गोळी. डोस वाढवला तो तिचा. प्रतिकारशक्ती खाली आणायची ती तिची. गाल आले ते त्या औषधाने. बँक म्हणजे हे हॉस्पिटल, छातीची डॉक्टरीण तिलाही बघायची.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही साधा पाहुणा उशिरा आला तरी खिडकीतून हलत नाही. हे कळल्यावर झोपला असता? तीच म्हणाली, बाबांना नको सांगू, उगाच झुरतील."

"आणि टब?"

"तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात बुरशी अजिबात नको. हिच्यात लढायला कुणी शिल्लक नाही. तुम्हाला तसं सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, का म्हणून?"

"खिडकी मोजत होती."

"हवा ओढणारा पंखा बसवायचा होता. तुमच्यासाठी."

उठून बसलो.

मग म्हटलं, "धुण्याच्या मशीनच्या मागे बघ."

"काय आहे?"

"बघ."

चिरंजीव घरी जाऊन आले. संध्याकाळी माझ्यासाठी कपडे आणले, घडी करून खाटेवर ठेवले. हात कोपरापर्यंत धुतलेले, साबणाचा वास. मशीनमागे काय दिसलं, काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

११ सप्टेंबर, बुधवार

नर्स गोळी देते. मी गिळतो आणि न विचारता जीभ वर करून दाखवतो. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कोण शिक्षा करतंय का?"

१२ सप्टेंबर, गुरुवार

सूनबाईच्या छातीत नळी घालून बघितलं. बुरशीच आहे. धागे आत विणत चाललेत.

डॉक्टरीण फेरीला आली तेव्हा विचारलं, "मला एवढा खोकला, एवढी शिटी. तिला खोकलासुद्धा नाही. मग तिला जास्त कसं?"

ती खाटेच्या कडेला टेकली. "खोकला, सूज, चिकटा — हे सगळं तुमच्या पहारेकऱ्यांचं काम. तुमचे नको तिथे आरडाओरडा करतात. तिचे आम्हीच औषधाने झोपवलेत. बी आलं, अंगरखा टाकला, धागा काढला, ओरडायला कुणी जागंच नाही. म्हणून नुसता ताप."

"मग उठवा ना त्यांना!"

"तेच अवघड आहे. गोळी कमी केली तर ते बुरशीवर जातील, आणि मूत्रपिंडावरही जातील. थोडी थोडी कमी करतोय. शिरेतून बुरशीचं औषध चालू आहे. बघायचं."

बघायचं! डॉक्टर लोक "बघायचं" म्हणतात तेव्हा त्यांनी आधीच काहीतरी बघितलेलं असतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज मला सोडलं. निघताना डॉक्टरणीला गाठलं, कुणी नाही असं बघून. मशीनमागचं सांगितलं. पालेभाजीसकट सगळं.

तिने ऐकून घेतलं.

"माझ्यामुळे झालं का?"

"सांगता येत नाही, आजोबा."

"म्हणजे तुम्ही सांगत नाही."

"म्हणजे खरंच सांगता येत नाही. हे बी सगळीकडे असतं. तुमच्या वेतावर असेल, रस्त्याच्या धुळीत असेल, ह्या हॉस्पिटलच्या जिन्यातही असेल. आत गेलं ते कुठलं, हे कुणालाच कळणार नाही."

"जात बघून कळत असेल. माझी कुठली, तिची कुठली."

"बघितली. तुमच्या थुंकीत निघाली तीच तिच्यात आहे. पण ती सगळ्यात साधी, सगळीकडे सापडणारी जात आहे. त्यावरून काहीच ठरत नाही."

काहीच ठरत नाही म्हणे. माझ्यापुरतं ठरलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

घर. मशीनमागे फरशी घासून पांढरी केली आहे. स्टूल कुठे गेलं विचारलं नाही.

चिरंजीव आणि मी समोरासमोर जेवलो. त्यांनीच केलं होतं, भात खाली लागलेला. शेवटी म्हणाले, "बाबा, एकदा तोंडावर विचारायचं होतंत."

"तू सांगायचं होतंस."

दोघांनी ताटं उचलली.

१६ सप्टेंबर, सोमवार

आता मी कशाकशावर संशय घेऊ? कपाट उघडलं की वाटतं, आत आहे. चादर झटकली की वाटतं, उडालं. माझा जुना शर्ट, ज्याच्या बाहीला पट्टी पुसली होती, तो जाळून टाकला. मग वाटलं, धुरातून गेलं असेल तर? खोकलो की तोंडावर हात, हातावर रुमाल. माझाच श्वास मला परका वाटतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

पॉलिशवाला आला. दारातच उभा राहिला, आत येईना. वेताळा म्हणाला नाही.

"मी ते कुत्रा न् चोर... गंमत केली होती रे."

"मला माहीत आहे."

"आणि वेत मी द्यायला नको होता."

"मी भांडून घेतला."

"हो, पण नाही म्हणता आलं असतं." टोपी हातात फिरवत राहिला. त्याला बस म्हणायचं माझ्या लक्षात आलं नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

चिरंजीव फोनवर हळू बोलतात. पूर्वी मी दाराशी गेलो असतो. आज खाट सोडली नाही. पण कान तिकडेच होते, खोटं कशाला लिहू?

२१ सप्टेंबर, शनिवार

ताप उतरला! चिरंजिवांनी दारातूनच सांगितलं, "बाबा, उतरला." मग खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी जवळ गेलो. खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

काचेतून बघू दिलं. सूनबाई उशीला टेकून बसलेली, गाल अजून तसेच गोल, हात मात्र काडीसारखे. तिने हात हलवला. मी हलवला. ती काहीतरी म्हणाली, काचेमुळे कळलं नाही. ओठांवरून वाटलं, "गोळी घेतली का?"

मी तोंड उघडून जीभ वर केली. नर्स हसली. सूनबाईसुद्धा.

घरी येताना रस्ताभर हाच विचार. तिला माहीत आहे का? चिरंजिवांनी सांगितलं असेल का? सांगितलं असेल तर हसली कशी? आणि सांगितलं नसेल तर मी ते हसू कुठे ठेवू?

२६ सप्टेंबर, गुरुवार

मूत्रपिंडाचं अजून नक्की नाही. गोळी कमी केल्यावर थोडं बिघडलंय. पुन्हा वाढवणार, पण जपून. बुरशीचं औषध बरेच महिने घ्यावं लागेल. चिरंजिवांनी हे सगळं मला न लपवता सांगितलं, हे विशेष. मला झोप लागली नाही, हेही खरं.

आज मी पॉलिशवाल्याच्या दुकानात जाऊन उरलेला वेत, टब, पोती, पट्टी ओवायचा टोचा, सगळं कचऱ्याच्या गाडीत घातलं. टोचा टाकू नको, त्याला काय होतंय, असं तो म्हणत होता. टाकला.

२९ सप्टेंबर, रविवार

सूनबाई घरी आली. चिरंजीव औषधं आणायला खाली गेल्यावर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, ते मशीनमागचं मला कळलंय. पण आता रिपोर्ट आलाय. माझी बुरशी वेगळ्याच जातीची निघाली. वेतावरची नव्हतीच ती." बोलताना स्वतःच्या नखांकडे बघत होती.

इतक्या वर्षांत, समोरचं माणूस खोटं बोलतंय याची मला एवढी पक्की खात्री कधी नव्हती.

म्हटलं, "हो का? बरं झालं गं पोरी."